चढताना छाती जड होते, चिनी औषध चालेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील ६१ वर्षांचे, डायबेटिस आहे. पंधरा दिवसांपासून दादरचा रेल्वे पूल चढताना छाती जड होते, दोन मिनिटं थांबलं की उतरते. घरचे म्हणतात गॅस. ओळखीच्यांनी 'डान्शेन'च्या चिनी गोळ्या आणि ॲक्युपंक्चर सुचवलंय.

गोळ्यांचं नंतर बोलू. चढताना येतं आणि थांबल्यावर जातं, ही चाल अंजायनाची, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडल्याने छातीत होणाऱ्या त्रासाची. गॅसला जिना कळत नाही. रक्तवाहिनी अरुंद झाली की बसल्या जागी हृदयाला रक्त पुरतं, चढताना कमी पडतं. त्यात हे नव्याने सुरू झालंय, आणि नवा अंजायना डॉक्टर धोक्याचाच धरतात. आजच ईसीजी काढा. तो नॉर्मल आला तरी सुटलो असं समजू नका, कारण त्रास नसताना काढलेला ईसीजी पुष्कळदा चांगलाच येतो. एक-दोन दिवसांत कार्डिओलॉजिस्टला दाखवा. हेल्थ चेकअपच्या पॅकेजमधली स्ट्रेस टेस्ट मात्र आपल्या मनाने करून घेऊ नका. अशा वेळी ट्रेडमिलवर पळवणं अंगाशी येऊ शकतं.

डायबेटिसमध्ये मज्जातंतूंवर परिणाम झालेला असू शकतो, त्यामुळे दुखणं कमी जाणवतं. दरदरून घाम, दम लागणं, जबड्यात किंवा डाव्या हातात ओढ, मळमळ, एकदम गळून जाणं, एवढंच दिसू शकतं. हे किंवा छाती जड होणं बसल्या जागी झालं किंवा पाच मिनिटांत थांबलं नाही, तर १०८ लावा. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा रक्तस्राव नसेल तर ३०० मिलीग्राम चावून द्या. घरात ७५ ची गोळी असेल तर चार. चावूनच, कारण वरच्या आवरणामुळे अख्खी गोळी उशिरा विरघळते. सॉर्बिट्रेट (रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी) डॉक्टरांनी दिली असेल तरच जिभेखाली, तीही बसवून. बीपी कमी असेल किंवा सिल्डेनाफिलसारखी (व्हायग्रातलं औषध) गोळी घेतलेली असेल तर नाहीच, बीपी कोसळतं.

आता चिनी वैद्यक. छातीतल्या अशा दुखण्याला तिथे 'श्युंग बी' म्हणतात, म्हणजे छातीत वाट अडणं. डान्शेन हे त्यावरचं जुनं मूळ. याला थोतांड म्हणून उडवून लावता येणार नाही. 'थोंगशिनलुओ' या दुसऱ्या एका चिनी कॅप्सूलची चीनमध्ये हार्ट अटॅकच्या सुमारे ३,८०० रुग्णांवर चाचणी झाली, २०२३ मध्ये निष्कर्ष आले. तीस दिवसांत मृत्यू, पुन्हा अटॅक, पक्षाघात वगैरे मिळून प्रमाण कॅप्सूल घेणाऱ्यांत ३.४ टक्के, न घेणाऱ्यांत ५.२. (तिच्यात जळू, विंचू, गोमही असतात, शाकाहारी घरांनी ऐकून ठेवावं.) पण दोन्ही गटांना नेहमीचे उपचार पूर्ण मिळत होते, बहुतेकांची अँजिओप्लास्टीही झाली होती. म्हणजे तिथलेच डॉक्टर ही कॅप्सूल जोडीला देतात, ऐवजी नाही.

ऑनलाइन गोळ्यांना माझा स्पष्ट नकार आहे. डान्शेनमुळे रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचा परिणाम वाढतो, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) चढतो, हिरड्यांतून किंवा पोटात रक्त जाऊ शकतं. ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेल या गुठळ्या रोखणाऱ्या गोळ्या चालू असतानाही तीच भीती. चिनी काढ्यांत बहुधा ज्येष्ठमध असतं. रोज जास्त घेतलं तर पोटॅशियम उतरतं, बीपी चढतं, आणि डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध घेणाऱ्याचे ठोके बिघडतात. 'फूझी' तर आपल्या बचनागाचीच जात. नीट शुद्ध केलेलं, बराच वेळ उकळलेलं नसेल तर त्यातलं विष थेट हृदयाची लय बिघडवतं. पाकिटावरची यादी चिनी लिपीत असेल, तर यातलं काय पोटात जातंय ते तुम्हाला कळणार कसं?

ॲक्युपंक्चरचं वेगळं. मनगटाच्या आतल्या बाजूला, घडीपासून तीन बोटं वर 'नेइग्वान' बिंदू असतो; स्थिर अंजायनात (बरेच दिवस एकाच चालीने येणाऱ्या, न वाढणाऱ्या) औषधांच्या जोडीला तिथे सुया टोचून छातीत दुखण्याच्या वेळा कमी झाल्याचं २०१९ च्या एका चिनी चाचणीत दिसलं. वडिलांचा अंजायना अजून स्थिर नाही, म्हणून आत्ता नको. तपासण्या होऊन औषधं बसली की कार्डिओलॉजिस्टला विचारून करता येईल. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सुया टोचणाऱ्याला आधी सांगा, आणि पेसमेकर असलेल्याला विजेच्या सुया नकोत.

तोवर वडिलांना पूल चढायला लावू नका. आणि घराजवळच्या कोणत्या हॉस्पिटलात रात्री तीन वाजताही अँजिओप्लास्टी होते, ते आजच फोन करून विचारून ठेवा. सगळीकडे होत नाही.