ऑनलाइन ज्ञानकोशावर शाळकरी वयाच्या नव्या सदस्याला मार्गदर्शन कसं करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: स्वयंसेवकांनी चालवलेल्या एका ऑनलाइन ज्ञानकोशावर तुम्ही काही वर्षं लिहिताय, शाळेत जाणारा एक नवा सदस्य ‘मला शिकवाल का’ म्हणतोय, तर सुरुवात कुठून करायची आणि वेळ किती द्यावा लागेल. वेळेचं आधी सांगते. दहा-पंधरा मिनिटं पुरतात, पण ती रोज द्यावी लागतात. रविवारी दोन तास बसून भरपाई होत नाही, कारण नवा माणूस जातो तो मधल्या दिवसांत. त्यानं केलेलं काहीतरी उलटवलं जातं, म्हणजे रद्द करून पान आधीसारखं केलं जातं, का ते कळत नाही, विचारायला कुणी नसतं, आणि तो पुन्हा लॉगिन करत नाही.

सुरुवात कुठून, हे मात्र एका मुलाची हकिगत सांगितल्याशिवाय मला सांगता येणार नाही. ज्ञानकोशाचं नाव घेत नाही. भांडण जुनं झालं, पण माणसं अजून तिथेच आहेत.

ऑक्टोबर २०१९ मध्ये शनीचे २० नवे उपग्रह जाहीर झाले. तोवर शनीचे ६२ आणि गुरूचे ७९ धरत असत. या बातमीनं शनी ८२ वर गेला आणि गुरू मागे पडला. त्याच सुमारास आमच्या ‘शनी’ पानावर एका कोऱ्या खात्यावरून कुणीतरी ६२ काढून ८२ केलं. संदर्भ नाही, संपादनाचा सारांश, म्हणजे बदल का केला ते सांगणारी ओळ, रिकामा. आमचे एक जुने प्रचालक (पानं वगळण्याचे, खाती गोठवण्याचे अधिकार असलेले सदस्य) तेव्हा ‘अलीकडील बदल’ पाहत बसलेले असायचे. त्यांनी बदल उलटवला आणि त्या सदस्याच्या चर्चापानावर (त्याला निरोप लिहायच्या पानावर) उत्पाताचा, म्हणजे मुद्दाम नासधूस केल्याचा, साचा (ताकिदीचा तयार मजकूर) लावला. मुलानं पुन्हा ८२ केलं. पुन्हा उलटवलं गेलं. तिसऱ्या खेपेला त्यानं लेखातच, मजकुराच्या मधोमध लिहिलं, ‘पेपरमध्ये आलंय, बघा ना!’ यावर दुसरी ताकीद, लाल चौकटीतली, खातं गोठवण्याच्या इशाऱ्यासकट.

लेखाच्या कडेच्या माहितीचौकटीतला आकडा गुपचूप बदलणं ही उत्पात करणाऱ्यांची नेहमीची खोड आहे, हे मला मान्य आहे. पण ८२ हा आकडा खरा आहे की नाही, हे इतक्या झटापटीत कुणीही पाहिलं नव्हतं. शोधल्यावर पहिल्याच पानावर सापडत होतं. ज्ञानकोशात जुना चुकीचा आकडा परत बसवला गेला होता, तोही दोनदा, आणि बरोबर आकडा देणारा गुन्हेगार ठरला होता. याची चीड मला आजही येते.

मी आकडा दुरुस्त केला नाही. त्याच्या चर्चापानावर लिहिलं की तुमचा आकडा बरोबर आहे, पण वाचणाऱ्याला ते कळायला सोबत स्रोत लागतो. बातमी कुठे वाचलीत ते इथे लिहा, पानात कशी जोडायची ते मी सांगते. त्यानं तासाभरात दुवा आणून दिला. मग धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, संदर्भ जोडून पाहिला. कंस अर्धवट राहिले, पान लालभडक झालं, मी कुठला कंस राहिला ते दाखवलं, त्यानं तो बंद केला. मग शनीच्या पानावर स्वतः जाऊन त्यानं ८२ लिहिलं, संदर्भासकट, सारांशासकट. तो बदल कुणी उलटवला नाही.

तुमच्या प्रश्नाचं माझ्याकडचं खरं उत्तर एवढंच आहे. त्याची चूक तुम्ही निस्तरू नका. आपल्यासारख्या जुन्या लोकांचा हात शिवशिवतो. लेखाला चुकीचा वर्ग दिसला, बदलला. साचा तुटका दिसला, सांधला. पान सुधारतं आणि मुलगा होता तिथेच राहतो. त्यानं केलेल्या पानावर पाच चुका असतील तर एक दाखवा, त्याला ती दुरुस्त करू द्या, बाकीच्या चार दुसऱ्या दिवसापर्यंत तशाच राहू द्या. जगाचं काही बिघडत नाही. अपवाद दोनच: जिवंत व्यक्तीबद्दलचा बदनामीकारक मजकूर, आणि दुसऱ्याच्या संकेतस्थळावरून जसाच्या तसा उचललेला मजकूर. हे लगेच काढायचं आणि का काढलं ते लगेच सांगायचं. प्रताधिकार म्हणजे काय हे शाळेत कुणी शिकवत नाही. शाळेच्या प्रकल्पात इंटरनेटवरून उतरवून काढलेल्या मजकुराला शाबासकी मिळते, मग इथेही मिळेल असं त्याला वाटणारच.

वयाबद्दल. मी त्याला वय विचारलं नव्हतं, तुम्हीही विचारू नका. त्यानंच चार दिवसांनी आपलं सदस्यपान सजवलं आणि त्यावर पूर्ण नाव, शाळा, इयत्ता, तुकडी आणि घरचा फोन नंबर लिहिला. असं झालं तर पान नुसतं कोरं करून भागत नाही. जुनी आवृत्ती ‘इतिहास’मध्ये राहते आणि कुणीही ती उघडू शकतं. इतिहासातूनही मजकूर दडवण्याचा अधिकार मोजक्या सदस्यांकडे असतो. त्यांना खाजगी ईमेल करायची. चावडीवर, म्हणजे सगळ्या सदस्यांच्या सामायिक चर्चेच्या पानावर, ‘या मुलाचा फोन नंबर काढा’ असं जाहीर लिहायचं नाही, कारण मग तो नंबर सगळे जाऊन बघतात. स्वतः काढताना सारांशातही कारण लिहू नका. नंतर त्या मुलाला शांतपणे सांगा की टोपणनावानं लिहिलं तरी काम तेवढंच मोलाचं धरलं जातं.

आणि त्याच्याशी सगळं बोलणं चर्चापानावर, सर्वांसमोर. फोन नाही, व्हॉट्सॲप नाही, खाजगी ईमेल नाही. त्यानं नंबर मागितला तरी नाही. तुमचा हेतू कितीही चांगला असो, अनोळखी मोठ्या माणसाशी खाजगीत बोलायची सवय त्याला तुमच्यामुळे लागता कामा नये. याचा एक फायदाही होतो. तुम्ही त्याला जे समजावता ते पुढचा नवा सदस्य वाचतो, त्याला वेगळं समजवावं लागत नाही. आणखी एक: त्याचं वय कळल्याबरोबर जुने सदस्य ‘आपण’वरून ‘तू’वर आले, एकानं ‘बाळा’ही म्हटलं. मी ‘तुम्ही’च म्हणत राहिले. त्याचा संदर्भ बरोबर असेल तर तो माझ्याइतकाच संपादक आहे.

मग व्हायचं तेच झालं. हुरूप आला आणि मुलगा सुटला. शनीच्या उपग्रहांची एकेक पानं काढायला लागला. यमिर, पालियाक, अल्बिओरिक्स, आणि ज्यांना नावंच नव्हती ते ‘एस/२००४ एस २०’ वगैरे. प्रत्येक पानावर एकच ओळ, ‘अमुक हा शनीचा एक उपग्रह आहे.’ एका रात्रीत त्या सगळ्या पानांवर ‘पानकाढा’ साचे, म्हणजे पान वगळावं अशी मागणी करणारे, लागले. लावणारे तेच प्रचालक. सकाळी मुलाच्या चर्चापानावर सूचनांची रांग लागली होती, यंत्रानं टाकलेल्या, एकसारख्या, माणसानं लिहिलेला एक शब्द नाही.

मी चावडीवर विषय काढला. त्यांचं म्हणणं, ‘हा ज्ञानकोश आहे, शिकवणी वर्ग नाही. ज्याच्यात दम असेल तो टिकेल. तुम्ही एकेका मुलामागे हिंडता आणि कचरा आम्ही उचलायचा.’ बरेच जण त्यांच्या बाजूचे होते.

एकोळी पानं ठेवण्यासारखी नव्हती, हे त्यांचं खरं होतं. जेमतेम ५ किलोमीटर व्यासाच्या दगडाबद्दल स्वतंत्र लेख होण्याइतकी माहिती बहुतेक वेळा नसतेच. पण ‘दम असेल तो टिकेल’ हे मला तेव्हा पटलं नाही आणि आता तर अजिबात पटत नाही. त्यांच्या स्वतःच्या पहिल्या वर्षीची संपादनं इतिहासात आहेत, कुणीही पाहावीत. एकाही लेखाला संदर्भ नाही. तो त्यांचा दोष नाही. असे ज्ञानकोश ज्या मीडियाविकी प्रणालीवर चालतात तिच्यात तळटीप देण्याची ‘रेफ’ ही खूणच २००५ च्या अखेरीस आली, आणि सुरुवातीच्या त्या काळात कुणी कुणाकडे फारसे संदर्भ मागत नव्हतं. त्यांना चुका करायला मोकळं मैदान मिळालं. आज येणाऱ्या मुलाला पहिल्याच दिवशी पूर्ण नियमावली आणि साच्यांचा मारा मिळतो. दोघांच्या दमाची तुलना करायची तर आधी हे लक्षात घ्यायला हवं.

आणि हे एकट्या माझं मत नाही. इंग्रजी विकिपीडियावरच्या सक्रिय संपादकांची संख्या २००७ मध्ये शिखरावर होती, नंतर ती उतरत गेली. संशोधक ॲरन हाफेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याचं कारण शोधलं. चांगल्या हेतूनं आलेल्या नवख्यांचं प्रमाण काही घटलेलं नव्हतं. त्यांचं काम नाकारलं जाण्याचं प्रमाण वाढलं होतं, आणि नाकारणाऱ्यांच्या हातात उत्पात रोखायची झटपट साधनं आली होती. ‘नवागतांना चावू नका’ असं विकिपीडियानं फार आधीपासून लिहून ठेवलं होतं. लिहून भागलं नाही म्हणून २०१२ मध्ये तिथे ‘टीहाउस’ सुरू करावं लागलं, जिथे नवा माणूस काहीही विचारू शकतो आणि उत्तर माणूस देतो. हे सगळं मी तेव्हा चावडीवर मांडलं होतं. उत्तर आलं नाही, म्हणून इथे पुन्हा मांडते आहे.

मुलाचं काय झालं? तो चिडला, दोन दिवस आला नाही. मग त्यानं विचारलं, ‘म्हणजे मी लिहूच नको का?’ मी त्याला एवढंच विचारलं की या सगळ्या उपग्रहांबद्दल सारखी माहिती कोणती मिळते. त्यानं यादी केली: नाव, शोधाचं वर्ष, व्यास, प्रदक्षिणेची दिशा, गट. मग त्याचं त्यालाच सुचलं की हा तक्ता आहे, लेख नव्हेत. ‘शनीचे उपग्रह’ या एकाच पानावर त्यानं तो तक्ता मांडला, आपली एकोळी पानं त्याकडे वळवून घ्यायची विनंती स्वतः चावडीवर केली, आणि नव्या २० पैकी १७ उलट्या दिशेनं फिरतात हे संदर्भासकट लिहिलं. दूरवरच्या, सारख्या कक्षांत फिरणाऱ्या उपग्रहांचे गट तीन का आहेत आणि त्यांतली नावं नॉर्स, इनुइट आणि गॉल लोकांच्या कथांमधली का आहेत, यावर एक परिच्छेदही लिहिला. त्या परिच्छेदाला हात लावायची वेळ आजवर आलेली नाही.

पुढे दहावीच्या अभ्यासाला लागला आणि यायचा थांबला. त्या प्रचालकांनी हे बरोबर हेरलं आणि मला लिहिलं, ‘बघा, गेलाच ना शेवटी!’ गेला, खरं आहे. मुलं मोठी होतात, अभ्यास असतो, दुसरी आवड लागते. मी त्याला जन्मभरासाठी बांधून घेतलं नव्हतं. २०२३ मध्ये शनीच्या उपग्रहांचा आकडा १४५ वर गेला, २०२५ मध्ये २७४ वर. दोन्ही वेळा वेगवेगळ्या सदस्यांनी त्याच्याच तक्त्यात ओळी वाढवल्या. रकाने त्यानं पाडले तेच. ज्यांनी ‘कचरा’ म्हटलं त्यांनी त्या पानाचा इतिहास उघडून पाहावा, एवढंच माझं म्हणणं आहे.

आता तुमच्यासाठी राहिलेलं. सगळेच असे नसतात. समजावून सांगितल्यावर, कळलं असं दिसल्यावरही कुणी लेखात शिव्या किंवा मित्रांची नावं घालत असेल, तर तिथे मार्गदर्शक नको, प्रचालक हवा. एका वेळी एकच नवा सदस्य घ्या. दोन घेतलेत की दोघांनाही साचेच मिळतात, फक्त तुमच्या नावानं. चार दिवस येणार नसाल तर तसं त्याच्या चर्चापानावर लिहून जा आणि दुसऱ्या कुणाचं तरी नाव देऊन जा.

पहिलं काम म्हणून नवं पान काढायला लावू नका. त्याच्या आवडीच्या विषयावरचा एक जुना लेख निवडू द्या आणि त्यात फक्त एक संदर्भ शोधून जोडायला सांगा. नियमांच्या पानांचे दुवे पहिल्या दिवशी देऊ नका. अडेल तेव्हा त्या अडचणीपुरता एक दुवा द्या.

आणि त्याचं एखादं पान वगळण्याच्या चर्चेत गेलं तर तुम्ही मत देऊ नका. मार्गदर्शक आणि शिष्य एकाच बाजूनं मत देताना दिसले की लोकांना गटबाजीचा किंवा एकाच माणसाच्या दुहेरी खात्याचा संशय येतो, आणि त्याचा त्रास तुमच्यापेक्षा त्याला जास्त होतो. मुद्दा कसा मांडायचा ते त्याला सांगा, मांडू त्याला द्या, आणि निकाल विरुद्ध लागला तरी त्या दिवशी त्याच्या चर्चापानावर तुमची एक ओळ असू द्या.