वेगाच्या चलनाविरुद्ध कोर्टात जाताय? आधी चलनाचा फोटो उघडा

तुमचा प्रश्न वाचला. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर 114 चा वेग दाखवून 2000 रुपयांचं चलन आलं. तुमचं म्हणणं असं की काटा 100 वरच होता, आजूबाजूचे सगळे त्याच वेगात होते आणि मेसेज तीन आठवड्यांनी आला. आता पैसे भरायचे नाहीत, कोर्टात जायचं. वकील लागेल का, हरलो तर दंड वाढेल का, लायसन्स जाईल का, असं विचारलंय.

हरण्याच्या भीतीचं आधी सांगतो, कारण बहुतेक जण तिथेच गळतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 183 खाली मोटारीला 1000 ते 2000 रुपये दंड आहे. म्हणजे तुमच्या हातातलं चलन आधीच कमाल आकड्याचं आहे. कोर्टात हरलात तरी या कलमाखाली दंड त्यावर जात नाही, वाढतील ते हेलपाटे. या कलमात लायसन्स जप्तीची तरतूद दुसऱ्यांदा किंवा पुढे पुन्हा सापडलात तर आहे. तेव्हा गाडीवर आधीचं वेगाचं चलन आहे का, ते वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक ॲपमध्ये आजच बघा. असेल तर हे प्रकरण 2000 रुपयांचं राहिलं नाही, वकील करा.

आता तुमचे तीन मुद्दे. सगळे त्याच वेगात होते, हे कोर्टात तोंडातून काढूच नका. तो बचाव नाही, कबुली आहे. मॅजिस्ट्रेट पुढचं काही ऐकणार नाहीत.

काटा 100 वर होता, यात मात्र थोडी गंमत आहे. स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवणार नाही अशाच बेताने कंपन्या तो बसवतात, त्यामुळे तो सहसा दोन-चार किलोमीटर जास्तच दाखवतो. काटा 100 वर असेल तर खरा वेग 96-97 असायला हवा. अपवाद एकच, तुम्ही टायर बदललेत का? मूळ मापापेक्षा मोठे टायर घातले की चाकाच्या एका फेरीत गाडी जास्त अंतर कापते आणि काट्याला त्याचा पत्ता नसतो. ॲलॉय आणि रुंद टायर हौसेने बसवणारे कितीतरी जण इथेच फसतात. बसवले असतील तर काट्याची गोष्ट विसरा.

तीन आठवड्यांच्या उशिरात दम आहे, पण किती ते समजून घ्या. कॅमेऱ्याच्या चलनांसाठी ऑगस्ट 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत 167-ए हा नियम आला. त्यात गुन्ह्यापासून पंधरा दिवसांत सूचना पाठवायची, असं म्हटलं आहे. मात्र मेसेज आरसीच्या नोंदीतल्या नंबरवर जातो. तो जुना असेल तर दोष तुमचाच. आणि एवढ्या एकाच मुद्द्यावर चलन उडेल अशा भरवशावर मी तरी घरातून निघणार नाही. त्याच नियमात याहून कामाच्या गोष्टी आहेत. उपकरणाला मान्यतेचं प्रमाणपत्र हवं आणि त्याचं दरवर्षी नूतनीकरण व्हायला हवं. कॅमेऱ्याची नजर असलेल्या पट्ट्यात तशी सूचना देणारी पाटी ठळक दिसायला हवी. चलनावर फोटो, मोजलेला वेग, तारीख, वेळ, ठिकाण हवं, शिवाय इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र. जुन्या पुरावा कायद्यातलं ते 65-बी. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला, त्यात हे कलम 63 आहे. कोर्टात दोन्ही आकडे सांगा, कारण सवयीने अजून सगळे 65-बीच म्हणतात.

कलम 183 चं पोटकलम 3 तर पाठच करा. एका साक्षीदाराला 'गाडी जोरात होती' असं वाटलं, एवढ्यावर दोषी धरता येत नाही, ते मत यंत्राच्या मोजणीवर आधारलेलं हवं. म्हणजे सगळा खटला त्या यंत्रावर उभा असतो. तुम्ही कसे गृहस्थ आहात, वीस वर्षांत एकही अपघात नाही, याला तिथे किंमत नाही.

माझं सांगतो. 2022 मध्ये याच रस्त्यावर मला चलन आलं, वेग 93, मर्यादा 80. एक्सप्रेसवेवर मोटारींना सपाटीवर 100 ची मर्यादा, 80 ची ट्रक-बसना. माझी साधी हॅचबॅक. ॲपवर तक्रार टाकली, तर चलन योग्य असल्याचं एका ओळीचं उत्तर. चिडून कोर्टात गेलो आणि पहिल्या तारखेला गाढवपणा केला, फोटोची काळीपांढरी झेरॉक्स नेली. मॅजिस्ट्रेटनी ती उजेडाकडे धरली, म्हणाल्या, "यात मला रात्र दिसतेय." पुढच्या तारखेला स्टुडिओतून मोठी रंगीत प्रिंट काढून नेली. वेग मोजणाऱ्या लेझर गनच्या फोटोत नेम धरल्याची फुली उमटते. ती माझ्या गाडीवर नव्हतीच, शेजारच्या लेनमधल्या ट्रकच्या तोंडावर होती. ट्रकची नंबरप्लेट चिखलाने माखलेली, माझी स्वच्छ, म्हणून वाचता आली ती माझी. (गाडी दर रविवारी धुण्याचं फळ!) तिसऱ्या तारखेला पोलिसांचे साक्षीदार आले. मी एकच प्रश्न विचारला, फुली कशावर आहे? त्यांनी फोटो बघितला, माझ्याकडे बघितलं आणि प्रामाणिकपणे म्हणाले, ट्रकवर. दहा मिनिटांत सुटलो. मात्र त्या दहा मिनिटांसाठी तीन रजा गेल्या, आणि दर वेळी पुकारा होईपर्यंत बाकावर दोन-अडीच तास.

तेव्हा आज रात्री तुम्ही पहिलं काम हेच करा. फोटो मोबाइलवर नको, लॅपटॉपवर मोठा करून बघा. फ्रेममध्ये दुसरं वाहन आहे का? नेमाची खूण असेल तर कशावर आहे? छापलेली मर्यादा तुमच्या वाहनाची आणि त्या जागेची आहे का? घाटातली मर्यादा सपाटीपेक्षा बरीच कमी आहे, त्यामुळे किलोमीटरचा आकडा जुळवून बघा.

जुलै 2024 पासून एक्सप्रेसवेवर आयटीएमएस ही कॅमेऱ्यांची यंत्रणा सुरू आहे. त्यात काही ठिकाणी कॅमेरे बसवलेल्या दोन कमानींमधला सरासरी वेग धरतात. तुमचं चलन त्यातलं असेल तर 'क्षणभर ओव्हरटेक केलं' ही सबब गेली. तिथे हिशेब मागायचा, अंतर किती आणि दोन्ही वेळा काय. दहा किलोमीटर 100 ने सहा मिनिटांत होतात, 114 ने सव्वापाच मिनिटांत. एवढ्या फरकात घड्याळं जुळलेली आहेत का, हा रास्त प्रश्न आहे. उलट एका जागी मोजलेला वेग असेल तर फास्टॅगच्या वेळा दाखवून उपयोग नाही. नाक्यापासून नाक्यापर्यंतची सरासरी 85 आली म्हणून मध्ये तुम्ही 114 ने गेलाच नाहीत असं होत नाही.

कोर्टाची वाट अशी. आधी ॲपवर तक्रार टाका, फेटाळली तरी तिची नोंद कामी येते. प्रकरण व्हर्च्युअल, म्हणजे ऑनलाइन कोर्टात गेलं की दोनच पर्याय दिसतात, दंड भरा किंवा लढा. लढा निवडलं की ते जिथे गुन्हा झाला त्या हद्दीतल्या मॅजिस्ट्रेटकडे जातं, म्हणजे रस्त्याच्या कोणत्या भागात फोटो निघाला त्यावर खालापूर की वडगाव मावळ हे ठरतं. तुमचं घर कुठे आहे याच्याशी संबंध नाही. मध्येच लोकअदालतीची नोटीस आली तर गोंधळू नका. तिथे तडजोड होते, साक्षीपुरावा होत नाही, आणि निवाड्यावर अपीलही नाही. लढायचं असेल तर ती जागा नव्हे.

पहिल्या तारखेला गुन्हा कबूल आहे का विचारतील. 'कबूल नाही' एवढंच म्हणायचं, कहाणी सुरू करायची नाही. मग उपकरणाचं मान्यता प्रमाणपत्र, कलम 63 चं प्रमाणपत्र आणि मर्यादेची अधिसूचना यांच्या नकला मागणारा साधा मराठी अर्ज द्या. रडारवर चालणारं यंत्र असेल आणि घटना 1 जुलै 2025 नंतरची असेल तर वैधमापन, म्हणजे वजन-मापं तपासणाऱ्या खात्याच्या पडताळणीचा दाखलाही मागा, तेव्हापासून तो सक्तीचा आहे. हीच कागदपत्रं माहिती अधिकारात दहा रुपयांत आधीच मागता येतात, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. एवढ्या प्रकरणाला वकील लागत नाही, मी केला नव्हता.

आणि फोटोत तुमचीच गाडी एकटी असेल, खूण तिच्यावर असेल, मर्यादा बरोबर असेल, तर 2000 भरून टाका. मी तरी तेच केलं असतं. नाहीतर चलनाचा फोटो नंबर झाकून इथे टाका आणि टायरचं मापही लिहा, बघून सांगतो.