घन फुटला नाही, मग आकडा कुठून आला?

प्रश्न : पुलाच्या कामासाठी काळ्या दगडाचे १५ सेंटिमीटरचे तीन घन कापून प्रयोगशाळेत दिले. तिथल्या २०० टनी मशीनवर ते फुटलेच नाहीत. रिपोर्टवर मात्र '८९ मेगापास्कल' असं लिहून आलं. साहेब म्हणतात, बेसाल्ट इतका कमजोर निघत असेल तर खाण बदला. बदलू का?
— ठेकेदार, जालना

उत्तर : खाण राहू द्या, घन बदला. तो ८९ चा आकडा तुमच्या दगडाचा नाही, मशीनचा आहे. १५० गुणिले १५० म्हणजे २२,५०० चौरस मिलिमीटर. २०० टनी मशीन २००० किलोन्यूटनला थांबतं. २० लाख न्यूटन भागिले २२,५०० केले की चौरस मिलिमीटरमागे ८८.९ न्यूटन, म्हणजेच ८८.९ मेगापास्कल येतात. म्हणजे मशीनचा दम संपला तेव्हा दगड शाबूत होता. रिपोर्टवर 'फुटला नाही, ८९ पेक्षा जास्त' असं लिहायला हवं होतं. चांगला घट्ट बेसाल्ट १०० ते २५० मेगापास्कल सहज देतो, कधी त्याहून जास्तही. त्याचा काँक्रीटच्या साच्याएवढा घन फोडायचा म्हटलं तर ५०० टनी मशीनही पुरेलच असं नाही.

घनच हवा असेल तर ७० मिलिमीटरचा कापा. क्षेत्रफळ ४९०० चौरस मिलिमीटर, त्यामुळे त्याच मशीनवर ४०० मेगापास्कलपर्यंत जाता येतं. त्यापेक्षा कोअर, म्हणजे दगडातून छिद्रून काढलेला दंडगोल नमुना, बरा. ५४ मिलिमीटर व्यासाच्या कोअरचं क्षेत्रफळ जेमतेम २२९० चौरस मिलिमीटर असतं. २०० मेगापास्कलचा दगड त्यात ४५८ किलोन्यूटनला फुटतो. कोअरची लांबी व्यासाच्या अडीच ते तीनपट, म्हणजे १३५ ते १६२ मिलिमीटर ठेवा.

खरी मेहनत टोकांवर असते. आंतरराष्ट्रीय खडकयांत्रिकी संस्थेच्या पद्धतीनुसार टोकांचा सपाटपणा ०.०२ मिलिमीटरच्या आत हवा आणि टोक अक्षाला काटकोनात हवं. ५० मिलिमीटरमागे ०.०५ पेक्षा जास्त तिरकेपणा चालत नाही. हे डोळ्यांनी दिसत नाही. नमुना व्ही-ब्लॉकवर (V आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यावर) ठेवून डायल गेज (बारीक फरक दाखवणारं काट्याचं मापक) फिरवावा लागतो. फरशी कापायच्या कटरने कापून तसाच आणलेला तुकडा यात कधीच बसत नाही, टोकं ग्राइंडरवर घासावीच लागतात. घासण्याचा कंटाळा म्हणून कुणी खाली-वर पुठ्ठा, प्लायवूड किंवा प्लास्टर ऑफ पॅरिस लावतात. तसलं काही लावू नका. मऊ थर दाबाखाली बाहेर सरकताना दगडाच्या टोकाला बाहेर ओढतो, नमुना उभा चिरतो आणि आकडा खाली येतो.

आणखी एक खोड मशीनमध्येच असते. रोज काँक्रीटचे घन फोडून खालच्या प्लेटला मध्यभागी खोलगटपणा आलेला असतो. १५ सेंटिमीटरच्या घनाला तो जाणवत नाही, पण ५४ मिलिमीटरचा कोअर नेमका त्या खळग्यात बसतो. प्लेटवर पोलादी पट्टी आडवी धरून खालून उजेड दिसतो का पाहा. दिसला तर नमुन्याच्या दोन्ही टोकांना कडक पोलादाच्या चकत्या लावा. व्यास नमुन्याएवढा किंवा फार तर २ मिलिमीटर जास्त, जाडी किमान १५ मिलिमीटर. वरच्या बाजूला गोलाकार बैठक असलेली प्लेट हवी.

भार सेकंदाला ०.५ ते १ मेगापास्कल या वेगाने चढवा. नमुना साधारण ५ ते १० मिनिटांत फुटायला हवा. किमान पाच नमुने घ्या. घट्ट बेसाल्ट फुटताना बंदुकीच्या बारासारखा उडतो, म्हणून जाळी लावल्याशिवाय भार देऊ नका. फुटल्यावर तुकडे लगेच झाडून टाकू नका. वाळूच्या घड्याळासारखे दोन शंकू किंवा उभे खांब सुटले असतील तर चाचणी ठीक. फक्त एक कोपरा उडाला असेल तर टोक वाकडं होतं. पांढऱ्या कॅल्साइटच्या शिरेवरून तिरका सरकला असेल तर तो आकडा शिरेचा आहे. तो वेगळा लिहा, सरासरीत घालू नका.

घनाचा आणि कोअरचा आकडा एकमेकांशेजारी ठेवू नका. बुटक्या नमुन्याला प्लेटचं घर्षण दोन्हीकडून आवळून धरतं, म्हणून तो जास्त भार घेतो. मिळालेल्या आकड्याला (०.८८ + ०.२४ × व्यास ÷ उंची) ने भागलं की दुप्पट उंचीच्या नमुन्याशी तुलना करता येते. घनासाठी हा भाजक १.१२ येतो; १८० चा घन म्हणजे जवळपास १६१. इमारतीच्या दगडासाठी आयएस ११२१ या भारतीय मानकाप्रमाणे काम असेल तर सुके आणि भिजवलेले असे दोन्ही नमुने लागतात. पुलाचा दगड पाण्यात राहणार, तेव्हा तुम्ही बघायचा तो भिजवलेल्याचा आकडा.

प्रश्न : आमच्याकडे कोअर मशीन नाही, पॉइंट लोडचं हातपंपाचं यंत्र आहे. खाणीतले बेढब तुकडे त्यात फोडले तर चालतील का? हिशेब कसा करायचा?
— खाणमालक, बीड

उत्तर : चालतील. हे यंत्र तुकडा दोन शंकूंच्या टोकांमध्ये दाबून फोडतं. या शंकूंची टोकं ६० अंशांची आणि ५ मिलिमीटर त्रिज्येची असतात. ती झिजून बोथट झालेली नाहीत ना, एवढं आधी बघा. तुकडे साधारण ५० मिलिमीटरचे निवडा, मुठीत मावतील असे. दोन शंकूंच्या टोकांमधलं अंतर (उंची) रुंदीपेक्षा जास्त नको आणि रुंदीच्या ०.३ पटीपेक्षा कमी नको. दोन्ही जवळपास सारखी असली तर उत्तम. शंकू टेकतो तिथून मोकळ्या टोकापर्यंत उंचीच्या निम्मं तरी अंतर राहू द्या. पंप असा मारा की तुकडा १० ते ६० सेकंदांत फुटेल.

एक हिशेब करून दाखवतो. उंची ४५, सरासरी रुंदी ५० मिलिमीटर, फुटताना भार १८ किलोन्यूटन.

४५ × ५० = २२५०. त्याला ४ ने गुणून ३.१४१६ ने भागा : २८६५. हा 'समतुल्य व्यासा'चा वर्ग, म्हणजे व्यास ५३.५ मिलिमीटर.
१८,००० ÷ २८६५ = ६.२८ मेगापास्कल.
आकाराची दुरुस्ती : (५३.५ ÷ ५०) चा ०.४५ वा घात = १.०३. म्हणून निर्देशांक ६.२८ × १.०३ = ६.४७.

याला २० ते २५ ने गुणलं की दाबसामर्थ्याचा अंदाज येतो : सुमारे १३० ते १६० मेगापास्कल. रिपोर्टवर हा पट्टाच लिहा, मधला एकच आकडा नको. हा गुणक काही दगडांत १५ पर्यंत उतरतो, काहींत ५० पर्यंत चढतो. त्याच खाणीचे पाच कोअर एकदा बाहेरून फोडून आणलेत, तर तुमच्या दगडाचा स्वतःचा गुणक हाती येईल आणि पुढची कित्येक वर्षं हे यंत्र भरवशाचं होईल.

निदान दहा तुकडे फोडा. सर्वांत वरचे दोन आणि खालचे दोन आकडे सोडून उरलेल्यांची सरासरी घ्या. भेग दोन्ही शंकूंच्या टोकांतून गेलेली असेल तोच तुकडा धरा. नुसती कड निघून आली असेल तर तो फेका, कितीही चांगला आकडा दिसो. सुरुंगाच्या तोंडाजवळचे तुकडे नकोत, त्यांना आतून केसाएवढ्या भेगा गेलेल्या असतात. देगलूर-बिलोलीकडच्या नाइस या पट्टेदार खडकाचे किंवा शहाबादी फरशीचे तुकडे असतील तर थराला आडवे आणि थराच्या दिशेने असे दोन वेगळे गट करा. दोन्हींचे आकडे मिसळले की त्याला काहीच अर्थ उरत नाही.

प्रश्न : रिबाउंड हॅमरने कातळावर ४४ रीडिंग मिळतं. हॅमरवरच्या तक्त्यात ५० मेगापास्कलच्या आसपास दिसतं. म्हणजे कातळ एम-५० काँक्रीटएवढाच?
— कनिष्ठ अभियंता, परभणी

उत्तर : हा हॅमर स्प्रिंगने ठोका मारून तो किती उसळतो ते मोजतो. त्यावरचा तक्ता काँक्रीटचा आहे, दगडाला लावायचा नाही. दगडासाठी जुनं आणि अजूनही वापरात असलेलं समीकरण १९६६ चं, डीअर आणि मिलर यांचं : सामर्थ्याचा लॉग (पाया १०) = ०.०००८८ × घनभार × रीडिंग + १.०१. घनभार किलोन्यूटन प्रति घनमीटरमध्ये, हॅमर एल प्रकारचा, रोख सरळ खाली. साइटवर बहुधा एन प्रकार असतो, त्याचा आघात एल च्या तिप्पट. त्याचं रीडिंग या समीकरणात तसंच टाकू नका.

एल प्रकाराने ४४ आलं आणि दगडाचा घनभार २८ असेल तर उत्तर १२४ मेगापास्कल. तेच ४४ जाळीदार, २४ घनभाराच्या दगडावर आलं तर ८७. म्हणून तुकडा आधी सुका तोला, मग पाण्यात लटकवून तोला. घनभार काढल्याशिवाय हॅमरला हात लावू नका. रीडिंग दोनने चुकलं तरी २८ च्या दगडात १५ मेगापास्कलचा फरक पडतो, आणि वरच्या टोकाला मुळातच फैलाव मोठा आहे.

जागा कार्बोरंडमच्या दगडाने घासा, धूळ पुसा, पृष्ठभाग सुका हवा. भेग किंवा कड ६ सेंटिमीटरच्या आत नको. २० फटके, प्रत्येक नव्या जागी. त्यांतल्या वरच्या दहांची सरासरी. सुट्या धोंड्यावर मारू नका, धोंडा हलला की रीडिंग पडतं. आवाज पोकळ आला तर ती जागा सोडा.

प्रश्न : विहिरीला खाली किती कठीण लागेल हे यंत्राशिवाय कळतं का?
— शेतकरी, औंढा नागनाथ

उत्तर : बऱ्यापैकी. भूशास्त्रज्ञांचा हातोडा आणि खिशातला चाकू पुरतो. चाकूने साल निघते आणि हातोड्याच्या टोकाने भुगा होतो : ५ मेगापास्कलच्या आत, हा मुरूम. चाकू कष्टाने चालतो, टोकाचा ठोका उथळ खड्डा पाडतो : ५ ते २५. मांजऱ्या (मऊसर, गारा भरलेला खडक) बहुधा इथे बसतो. चाकू चालत नाही, पण एका दणक्यात फुटतो : २५ ते ५०. एकापेक्षा जास्त दणके : ५० ते १००. पुष्कळ दणके : १०० ते २५०. नुसत्या कपच्या उडाल्या तर त्यापुढे. तुकडा हातात धरून मारा, जमिनीवर ठेवून नाही.

पण वरच्या कातळावरून खालचा ठरवू नका. आपल्याकडे लाव्ह्याचे थर एकावर एक आहेत. प्रत्येकाचा माथा बुडबुड्यांच्या भोकांचा, पांढऱ्या गारांनी भरलेला, पोट घट्ट, आणि दोन थरांच्या मधे कधी तांबडी, गेरूसारखी माती. ती कोरडी असताना टणक वाटते, पाणी लागलं की सुटते. तिथे बांधकाम न करता विहीर उघडी ठेवली तर वरचा घट्ट कातळच खाली यायला लागतो. शिवाय खोदाईचा खर्च ताकदीपेक्षा सांध्यांवर जास्त ठरतो. २०० मेगापास्कलचा पण फूट-फुटावर चिरलेला कातळ पहारीने निघतो, ८० चा अखंड कातळ सुरुंग मागतो.

प्रश्न : खडीच्या क्रशिंग व्हॅल्यूवरून दगडाची स्ट्रेंग्थ काढता येते का?
— क्रशरचालक, धाराशिव

उत्तर : नाही. ती १२.५ ते १० मिलिमीटर खडीवर दहा मिनिटांत ४०० किलोन्यूटन देऊन २.३६ मिलिमीटरच्या चाळणीखाली किती टक्के भुगा गेला, एवढंच सांगते. चपट्या खडीचा भुगा जास्त होतो, दगड तोच असला तरी. हा आकडा कमी तेवढा चांगला, स्ट्रेंग्थच्या उलट. निविदा भरताना यात गल्लत होते.

प्रश्न : आमचं माळवदाचं जुनं घर दगड-मातीचं आहे, भिंती अडीच फुटी. दगड तपासून घेतला तर भूकंपाला टिकेल की नाही ते कळेल का?
— गृहिणी, औसा

उत्तर : दगडाच्या तपासणीवर पैसे घालवू नका. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारी परिसरात कोसळलेल्या घरांच्या भिंतींत दगड चिरडला गेला नव्हता, मातीची पकड सुटली होती. जाड भिंत म्हणजे बहुधा बाहेरचा एक पदर, आतला एक पदर आणि मधे मातीत टाकलेले बारीक दगड. हादरा बसला की दोन्ही पदर एकमेकांपासून फुगून सुटतात आणि वरून माळवदाच्या मातीचं ओझं बसतं. दगड १५० मेगापास्कलचा असला काय आणि ५० चा असला काय.

तपासायचं ते हे : भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड आहेत का. आयएस १३८२८ प्रमाणे ते उंचीत दर ६०० मिलिमीटरला आणि आडवे १.२ मीटरच्या आत हवेत. जाडीही ४५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. आरपार दगड नसतील तर ते नंतरही घालता येतात. भिंतीतला एकेक दगड सळईने हळूहळू सैल करून काढा, घण मारू नका. साधारण ७५ मिलिमीटरचं आरपार भोक करा, मधे थोडं अरुंद आणि दोन्ही तोंडांना रुंद. दोन्ही टोकांना आकडे वळवलेली ८ मिलिमीटरची सळई आत ठेवा आणि १:२:४ काँक्रीट ठासून भरा. आकडे काँक्रीटमध्ये बुडाले पाहिजेत. दहा दिवस तरी पाणी मारा. एका वेळी लगतची दोन भोकं उघडू नका, आणि भोक उघडं असताना त्या भिंतीला टेकून कुणाला झोपू देऊ नका. काम सुरू करण्याआधी माळवदावरची पांढरी माती उतरवून घ्या. वर्षानुवर्षं थरावर थर टाकून ती दीड-दोन फूट झालेली असते.