कुलूप तुटलं नाही, तरी इंग्लंडच्या पोलिसांनी 'बर्गलरी' का लिहिली? 'रॉबरी' का नाही?

तुमचा मुलगा मँचेस्टरला राहतो, तो कामावर असताना उघड्या खिडकीतून कुणीतरी आत शिरून लॅपटॉप नेला, असं तुम्ही लिहिलंय. पोलिसांनी लिहिलंय ते बरोबर आहे. मी लंडनला कायदा शिकायला गेलो तेव्हा माझाही इथेच घोळ व्हायचा, कारण डोक्यात 'घरफोडी' आणि 'दरोडा' हे आपले शब्द पक्के बसलेले.

तिथे १९६८ चा थेफ्ट ॲक्ट लागतो. कलम ९ बर्गलरीचं, कलम ८ रॉबरीचं.

बर्गलरीला फोडाफोड लागतच नाही. परवानगी नसताना इमारतीत किंवा तिच्या एखाद्या भागात शिरणं, हा तिचा पाया. शिरतानाच चोरीचा, कुणाला गंभीर इजा करण्याचा किंवा नासधुशीचा इरादा असेल, तर आत काडीला हात न लावताही गुन्हा पूर्ण होतो. आत गेल्यावर बुद्धी फिरली आणि चोरी किंवा गंभीर इजा केली, नुसता तसा प्रयत्न जरी केला, तरी बर्गलरीच. नासधूस मात्र या दुसऱ्या प्रकारात धरत नाहीत.

बरं, 'शिरणं' म्हणजे किती? १९९६ चा रायन खटला ऐकून आमचा वर्ग हसला होता. रात्री अडीचला हा गडी एका म्हाताऱ्या माणसाच्या घराच्या खिडकीत अडकलेला. डोकं आणि उजवा हात आत, बाकीचा ऐवज बाहेर! अग्निशमन दलाला बोलवावं लागलं. अडकलेला माणूस चोरणार काय, हा बचाव अपील कोर्टात टिकला नाही.

रॉबरीत मुळात चोरी हवीच. शिवाय ती करण्यासाठी, तिच्या लगेच आधी किंवा करतानाच, एखाद्या माणसावर बळ वापरलेलं हवं, किंवा तिथल्या तिथे तशी भीती घातलेली हवी. तुमच्या मुलाचं घर रिकामं होतं. बळ वापरणार कुणावर? बळ फार लागतं असंही नाही. धक्का देऊन तोल घालवला तरी पुरतं, हातातली पिशवी जोरात ओढली तरी. पण बोटांतली सिगारेट हिसकावली तर ती नुसती चोरी, असं २०१२ मध्ये हायकोर्टाने ठरवलं.

'दरोडा' शब्द इथे नकोच. आपल्या कायद्यात दरोड्याला किमान पाच जण लागतात, रॉबरीला एकटाही पुरतो. 'जबरी चोरी' जास्त जवळचा.

राहत्या घरातल्या बर्गलरीला कमाल १४ वर्षं, इतर इमारतीत १०. रॉबरीला जन्मठेपेपर्यंत. मुलगा घरात असता आणि त्याला ढकलून लॅपटॉप नेला असता, तर दोन्ही कलमं लागू शकली असती.

एक मात्र बघा. पोलिसांना तुटलेलं कुलूप लागत नसलं, तरी काही विमा पॉलिसींना लागतं. क्लेमचा फॉर्म भरण्याआधी ती अट मुलाला वाचायला सांगा.