व्हीए रुग्णालयातील फार्मसी रेसिडेन्सी : वर्षभर राबणे की शिकणे?

तुम्ही अमेरिकेत फार्मडीच्या, म्हणजे फार्मासिस्टच्या पदवीच्या, तिसऱ्या वर्षाला आहात आणि माजी सैनिकांच्या व्हीए रुग्णालयातील रेसिडेन्सीसाठी, म्हणजे पदवीनंतरच्या पगारी प्रशिक्षणासाठी, अर्ज करण्याचा तुमचा विचार आहे. पण "तिथे कमी पगारात वर्षभर राबवून घेतात" असे एका सीनियरने सांगितल्यामुळे तुम्ही अडखळला आहात. शिवाय नागपूरला बी.फार्म. करणाऱ्या मावसभावाला थेट तिथे येता येईल का, असेही तुम्ही विचारले आहे. मी मूळची सांगलीची. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील एका व्हीए रुग्णालयात मी पहिल्या वर्षाची, म्हणजे पीजीवाय-वन, रेसिडेन्सी केली आणि आता त्याच यंत्रणेतील दुसऱ्या एका क्लिनिकमध्ये काम करते. त्यामुळे पुढे जे लिहीत आहे ते बहुतांशी स्वतः भोगलेले आहे.

मावसभावाचे आधी सांगते, कारण ते उत्तर छोटे आणि कडू आहे. परदेशी पदवीधराला अमेरिकेत फार्मासिस्ट व्हायचे असेल तर एफपीजीईसी हे पदवी समकक्ष असल्याचे प्रमाणपत्र लागते, आणि १ जानेवारी २००३ नंतर पदवी घेतलेल्यांना त्यासाठी किमान पाच वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केलेला असावा लागतो. चार वर्षांची बी.फार्म. तिथेच बाद होते. भारतात २००८ पासून सुरू झालेली सहा वर्षांची फार्मडी त्या अटीत बसते. पण तिच्यानंतरही टोफेल ही इंग्रजीची परीक्षा, एफपीजीईई ही परदेशी पदवीधरांची परीक्षा, इंटर्नशिपचे तास, नॅपलेक्स ही परवान्याची परीक्षा आणि राज्याची कायद्याची परीक्षा अशी रांग उभीच असते. ती सगळी पार केली तरी व्हीएमध्ये गाडी नागरिकत्वापाशी अडते. अमेरिकी नागरिक नसलेल्या उमेदवाराला तिथे नेमता येते ते पात्र नागरिक मिळत नसेल तरच, आणि रेसिडेन्सीच्या जागांसाठी नागरिकांचेच अर्ज पुष्कळ येत असल्याने बहुतेक कार्यक्रम आपल्या माहितीपत्रकात नागरिकत्वाची अट सरळ लिहून टाकतात. एफ-वन (विद्यार्थी) किंवा एच-वन-बी (नोकरी) व्हिसा तर सोडाच, ग्रीन कार्डावरही फारशी आशा धरू नये. तुम्हीसुद्धा स्वतःची कागदपत्रे याच कसोटीवर आधी तपासून घ्या. पुरुष असाल तर सिलेक्टिव्ह सर्व्हिसची, म्हणजे सक्तीच्या लष्करभरतीसाठीच्या यादीतली, नोंदणी वेळेत केल्याचा पुरावाही मागतात. ऐन वेळी तो शोधत बसलेले मी पाहिले आहेत.

आता राबवून घेण्याविषयी. तुमच्या सीनियरचे म्हणणे खोटे नाही. रेसिडेंटला मिळणारा पगार कायम फार्मासिस्टच्या पगाराच्या पुष्कळदा निम्म्याहूनही कमी असतो. ठरलेल्या शनिवार-रविवारी मुख्य फार्मसीत उभे राहून ऑर्डर तपासाव्या लागतात. वर्षभर चालणारा संशोधन प्रकल्प, औषधवापराचे परीक्षण, समितीसाठी औषधाचा अहवाल, विद्यार्थ्यांना शिकवणे, हे सगळे त्या पगारातच येते. मान्यता देणाऱ्या एएसएचपी या संस्थेने आठवड्याला सरासरी ८० तासांची कमाल मर्यादा घातली आहे, यावरूनच काय ते समजावे. व्हीएमध्ये तितके तास सहसा भरत नाहीत. संघराज्य सरकारच्या ११ सुट्या आणि दर पंधरवड्याला जमा होणारी रजा रेसिडेंटलाही मिळते. तरीही पैशाच्या दृष्टीने हे वर्ष तोट्याचेच आहे. डोक्यावर शैक्षणिक कर्ज असेल आणि दुकानातील फार्मसीतच पुढे जायचे असेल, तर ही रेसिडेन्सी करू नका असेच मी सांगेन.

पण तुम्हाला क्लिनिकमध्ये बसून रुग्णाच्या औषधांचा निर्णय स्वतः घ्यायचा असेल, तर मात्र व्हीएसारखी दुसरी जागा मला माहीत नाही. १९९५ पासून व्हीएमध्ये क्लिनिकल फार्मासिस्टला ठरवून दिलेल्या मर्यादेत औषध सुरू करण्याचे, मात्रा बदलण्याचे, बंद करण्याचे आणि त्यासाठी लागणाऱ्या तपासण्या सांगण्याचे अधिकार आहेत. बाहेर हे अधिकार राज्याराज्याच्या कायद्याप्रमाणे आणि डॉक्टरांशी केलेल्या कराराप्रमाणे बदलतात. व्हीए संघराज्य सरकारची असल्यामुळे कोणत्याही एका राज्याचा परवाना तिथे देशभर चालतो. प्राथमिक उपचारांच्या पॅक्ट नावाच्या गटात डॉक्टर, परिचारिका आणि कारकून यांच्याबरोबर फार्मासिस्टही असतो. एका पूर्णवेळ डॉक्टरकडे साधारण १२०० रुग्ण सोपवलेले असतात, आणि त्यांतील मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉलचे आटोक्यात न येणारे रुग्ण फार्मासिस्टकडे पाठवले जातात. ते रुग्ण सल्ला घेऊन परत डॉक्टरकडे जात नाहीत. पुढच्या भेटीला ते तुमच्याकडेच येतात आणि मागच्या वेळी तुम्ही जे केले त्याचा परिणाम तुमच्यासमोर बसलेला असतो. रेसिडेन्सीचे वर्ष या खुर्चीची तालीम असते.

ती तालीम कशी होते, हे माझ्याच एका चुकीवरून सांगते. जानेवारी महिना होता. व्हिएतनाम युद्धात लढलेले एक आजोबा माझ्याकडे आले. ऑगस्टमध्ये त्यांचे एवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ७.८ होते, ते १०.१ झाले होते. त्यांनी वही दाखवली. इन्सुलिन रोज घेतल्याची नोंद होती, सुई बदलत होते, जागा बदलत होते, जेवणातही फारसा फरक नव्हता. मी हिशेब करून रात्रीची मात्रा २० टक्क्यांनी वाढवायचे ठरवले आणि बाहेर येऊन प्रिसेप्टरसमोर, म्हणजे मला शिकवणाऱ्या वरिष्ठ फार्मासिस्टसमोर, योजना मांडली. रेसिडेंटने लिहिलेल्या प्रत्येक नोंदीवर प्रिसेप्टरची सही लागते, पण माझ्या प्रिसेप्टर सहीची घाई कधी करीत नसत. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "इन्सुलिनचे पेन ठेवतात कुठे?" मी ते विचारलेच नव्हते. परत आत गेले. आजोबा म्हणाले, "ट्रकमध्ये. म्हणजे विसरत नाही." बाहेर उणे वीस अंश तापमान होते, आणि ते पेन डिसेंबरपासून ट्रकच्या खणात गोठत आणि वितळत होते. गोठलेले इन्सुलिन काम करीत नाही, हे मी परीक्षेत दहा वेळा लिहिले असेल. वाढवलेली मात्रा देऊन नवे पेन घरी पाठवले असते आणि ते त्यांनी फ्रीजमध्ये ठेवले असते, तर साखर एकदम कुठे उतरली असती, याचा विचार मी त्या रात्री बराच वेळ करीत होते. आम्ही मात्रा तशीच ठेवली, पेन बदलून दिले आणि आठवड्याने फोन केला.

असा फोन करण्याला वेळापत्रकात जागा असते, हीच व्हीएतली खरी चैन. रुग्ण वर्षानुवर्षे त्याच यंत्रणेत राहतो, त्याची नोंद सीपीआरएस नावाच्या संगणकप्रणालीत विसाव्या शतकापासूनची सापडते (पडदा दिसायलाही त्याच काळातला आहे, आणि नवी प्रणाली २०२० पासून एकेका रुग्णालयात येत आहे), आणि नेहमीची बहुतेक औषधे केंद्रीय टपाल-फार्मसीतून घरी जातात. त्यामुळे क्लिनिकमधल्या फार्मासिस्टचे हात गोळ्या मोजण्यात अडकत नाहीत. तुलनाच करायची तर आपल्याकडील माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे ईसीएचएस पॉलिक्लिनिक डोळ्यांसमोर आणा. सातारा-सांगलीकडच्या घरांत ती सर्वांच्या परिचयाची आहे. तिथे फार्मासिस्ट खिडकीच्या आत असतो. इथे तो रुग्णासमोरच्या खुर्चीत असतो.

दुसरी गोष्ट पुराव्याची. जर्नल क्लब, म्हणजे संशोधन निबंधांवर चर्चा करणारी बैठक, सगळीकडेच असतो, पण व्हीएमध्ये तुम्ही ज्या अभ्यासाची चिरफाड करता तो पुष्कळदा तुमच्याच रुग्णांवर झालेला असतो. माझ्या वाट्याला प्राझोसिन आले होते. हे मूळचे रक्तदाबाचे औषध. युद्धाच्या आघातानंतर पडणाऱ्या दुःस्वप्नांसाठी ते वापरण्याची पद्धत सिएटलच्या व्हीएमधील मानसोपचारतज्ज्ञ मरे रॅस्किंड यांच्या कामातून पुढे आली. लहान अभ्यास चांगले निघाले. मग व्हीएच्याच १३ केंद्रांत ३०४ माजी सैनिकांवर मोठी चाचणी झाली आणि २०१८ मध्ये तिचा निष्कर्ष आला की, प्लॅसिबोपेक्षा (औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा) फरक पडत नाही. मी तो निबंध समजावून सांगून खाली बसले, आणि त्याच दुपारी मानसोपचार क्लिनिकमध्ये समोरचा माणूस म्हणाला की, या गोळीमुळे मी सहा वर्षांत पहिल्यांदा बायकोच्या शेजारी झोपू शकलो. चाचणीत अस्थिर रुग्ण घेतलेच नव्हते, यामुळे फरक दिसला नसेल का, हा प्रश्न मग माझ्यापुरता पुस्तकी राहिला नाही. त्याची गोळी आम्ही चालू ठेवली. उभे राहतानाचा रक्तदाब मात्र प्रत्येक भेटीत मोजला. पुढे २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत दुःस्वप्नांसाठी प्राझोसिन सौम्य शिफारशीने परत आले.

व्हीएच्या उणिवाही आहेत. लहान मुले आणि बाळंतपण हे विषय तिथे जवळजवळ नसतात. ते शिकायचे तर बाहेरच्या रुग्णालयात एखादा ऐच्छिक महिना मागून घ्यावा लागतो. औषधांची राष्ट्रीय यादी आवळलेली असल्यामुळे बाजारातील नवे औषध हाताळायला उशीर होतो, आणि यादीबाहेरच्या औषधासाठी येणाऱ्या विनंत्या तपासण्याचे काम रेसिडेंटच्या गळ्यात पडते. मला ते सुरुवातीला शिक्षा वाटे. नंतर लक्षात आले की, "हेच औषध का" याचे दोन ओळींत उत्तर लिहिण्याची सवय मला त्या कामाने लावली. वर्ष संपल्यावर नोकरीची हमी नसते, तसेच तिथेच राहण्याचे बंधनही नसते. पीजीवाय-वन पूर्ण केल्यावर बीसीपीएस या तज्ज्ञ फार्मासिस्टच्या प्रमाणपत्राची परीक्षा तीन वर्षे न थांबता देता येते, आणि मानसोपचार, वृद्धोपचार, संसर्गजन्य रोग अशा विषयांत दुसऱ्या वर्षाची रेसिडेन्सीही करता येते.

अर्जाविषयी थोडेच लिहिते. डिसेंबरमधील एएसएचपीच्या अधिवेशनात कार्यक्रमांची ओळख होते, साधारण नववर्षाच्या सुमारास फोर्कास या संकेतस्थळावर अर्ज आणि तीन शिफारसपत्रे जातात, जानेवारी-फेब्रुवारीत मुलाखती होतात, मग दोन्ही बाजू पसंतीक्रम देतात आणि मार्चमध्ये मॅचचा, म्हणजे या पसंतीक्रमांवरून संगणकाने लावलेल्या जोड्यांचा, निकाल लागतो; राहिलेल्या जागांची दुसरी फेरी एप्रिलपर्यंत चालते. पसंतीक्रम लावताना "मला कोण घेईल" याचा हिशेब करू नका, जिथे जायचे आहे ते वर ठेवा. मॅचची पद्धत उमेदवाराच्या पसंतीच्या बाजूने झुकलेली आहे. अर्जाच्या पत्रात सैनिकांच्या त्यागावर परिच्छेद लिहू नका, तो प्रत्येकाच्या पत्रात असतो. त्याऐवजी एखादा रुग्ण आणि त्याच्यासाठी तुम्ही बदललेली एखादी गोष्ट लिहा. आणि शेवटच्या वर्षातील एक रोटेशन, म्हणजे प्रत्यक्ष कामाची एक पाळी, व्हीएमध्ये मिळत असेल तर ते आजच मागून ठेवा.

मुलाखतीच्या दिवशी सध्याच्या रेसिडेंटबरोबर तुम्हाला अर्धा तास दिला जाईल, आणि त्या वेळी प्रिसेप्टर खोलीत नसतात. तेव्हा पगार-रजेचे प्रश्न विचारण्यात वेळ घालवू नका, ते माहितीपत्रकात असते. त्यांना विचारा की, क्लिनिकमध्ये रुग्णाशी पहिल्यांदा कोण बोलते, योजना आधी कोण मांडते आणि आठवड्यानंतरचा फोन कोण करते. तिन्हींचे उत्तर "मी" असे आले, तर तो कार्यक्रम यादीत वर घ्या. "आम्ही बहुतेक वेळा बघतो" असे आले, तर तुमचा सीनियर त्या ठिकाणाबद्दल बरोबर बोलत होता.