दाखल्यासाठी अर्ज लिहून देऊ नका

मुलगा सातवीत, वर्गात सतत मारामाऱ्या, आणि मुख्याध्यापक म्हणतात, "दाखला न्या, ओपन स्कूलमधून दहावी करा." तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही, कारण हेच वाक्य आम्हीही ऐकलंय. डॉक्टर, समुपदेशक तुम्ही गाठले असतीलच, त्यात शिरत नाही. मी वकील नाही, हेही आधीच सांगते.

शाळा सगळं तोंडी सांगते, कागद मात्र पालकांकडून घेते. "घरगुती कारणास्तव दाखला मिळावा" एवढा दोन ओळींचा अर्ज सहीनिशी दिलात की खेळ संपला. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ प्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. २०१९च्या दुरुस्तीने पाचवी-आठवीत त्याच वर्गात ठेवण्याची मुभा आली, काढून टाकण्याची नाही. पण दाखला पालकांनीच मागितला असेल तर "काढलं" हे सिद्ध कसं करणार? ज्या कार्यालयात आम्ही दाद मागितली तिथे अर्जावरची सही बघून फाइल मिटली. मूल कुठे बसणार, हे एकानेही विचारलं नाही. त्याचा संताप अजून आहे.

म्हणून बैठकीत एकच म्हणा: "हे लेखी द्या." बहुतेक शाळा देत नाहीत. मग तुम्हीच पत्र द्या: कोणत्या तारखेला काय घडलं, शाळेने काय केलं, पुढे काय करणार. स्वतःच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. लिपिक टाळत असेल तर स्पीड पोस्टाने पाठवा. दाखला घ्यायची वेळ आलीच, तर "वर्तणूक" आणि "शाळा सोडण्याचे कारण" हे रकाने खिडकीपाशीच वाचा. नंतर दुरुस्ती करून घेताना जीव जातो.

शाळा अल्पसंख्याक संस्थेची असेल तर मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४च्या निकालामुळे हा कायदा तिथे लागू नाही. तिथे कलम दाखवून भांडण वाढवू नका, दुसरी शाळा हातात आल्याशिवाय दाखला घेऊ नका.

ओपन स्कूल वाईट नाही, पण सातवीत तो उपाय नव्हे. एनआयओएसच्या (केंद्राच्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या) दहावीला १४ वर्षं पूर्ण लागतात. आत्ता काढलंत तर मधली वर्षं मूल घरात, मोबाइलवर. वय झाल्यावर मात्र अशा मुलांसाठी मला १७ नंबरच्या फॉर्मपेक्षा (राज्य मंडळाची दहावी बाहेरून देण्यापेक्षा) तेच बरं वाटतं: पाच विषय, हवे तेव्हा एकेक देता येतात, पाच वर्षांत नऊ संधी. एका दमात सगळे पेपर दिले पाहिजेत असं नाही.

तोवर एक वही ठेवा, वर्गशिक्षकांनाही विनंती करा. वेळ, तास, लगेच आधी काय घडलं, मुलाने काय केलं, त्यानंतर त्याला काय मिळालं. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. फळ्यावरचं उतरवून घ्यायच्या तासालाच भांडण होत असेल आणि दरवेळी बाहेर उभं केलं जात असेल, तर शिक्षेमुळे लिखाणातून सुटका होतेय, म्हणून भांडण पुन्हा होणार. अशा वेळी डोळे तपासा आणि अध्ययन अक्षमतेची (वाचन, लेखन, गणित शिकण्यातल्या अडचणीची) चाचणी करा. अध्ययन अक्षमता २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत आहे, एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) त्या नावाने नाही. दोन्ही असतील तर प्रमाणपत्रात अध्ययन अक्षमतेचा उल्लेख हवाच.

"शिस्त लावतो" म्हणणाऱ्या निवासी केंद्रांबद्दल माझं मत कडक आहे: पालक आधी न कळवता आले आणि त्यांना आत येऊ देत नसतील तर नको. बाकी ठिकाणी फी विचारण्याआधी हे विचारा: एका शिक्षकामागे किती मुलं, यूडायस क्रमांक (शाळेचा सरकारी नोंदणी क्रमांक) आहे का, मूल अंगावर धावून आलं तर नेमकं काय करता, आणि नेहमीच्या शाळेत परत पाठवायचं हे कशावरून ठरवता. शेवटच्या प्रश्नाला ज्यांच्याकडे उत्तर नाही, तिथे प्रवेश घेऊ नका.