केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये एन-९५ मास्क स्पिरिटने साफ करून पुन्हा वापरला तर चालतो का?

नाही. धुवायचा नाही, आणि स्पिरिट तर अजिबात मारायचं नाही.

तुम्ही म्हणता की एम.एस्सी.च्या प्रोजेक्टमध्ये कॉलम करताना (काचेच्या नळीत सिलिकाची पावडर भरून, वरून सॉल्व्हंट ओतून मिश्रणातले घटक वेगळे करताना) एन-९५ लावता, संध्याकाळी त्यावर आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे तुमचं स्पिरिट) फवारता आणि दुसऱ्या दिवशी तोच वापरता. त्या मास्कचा मधला थर पॉलिप्रॉपिलीनच्या अतिबारीक धाग्यांचा असतो आणि त्या धाग्यांना विद्युतभार दिलेला असतो. ०.३ मायक्रॉनचे किमान ९५ टक्के कण अडतात, त्यात या भाराचा वाटा मोठा. आयपीए किंवा इथेनॉल लागलं की तो भार उतरतो. मास्क दिसतो तसाच, पण कण आत येऊ लागतात.

कोविडमध्ये मास्क कागदी पिशवीत पाच दिवस ठेवून परत वापरत होते, तो उपाय इथे लागू नाही. विषाणू पडून राहिला की मरतो. सिलिका किंवा तुम्ही तोललेलं कंपाउंड पाच दिवसांनीही तिथेच असतं, आणि मास्क काढता-घालताना बोटांना, नाकाला लागतं. कॉलममध्ये नुसती सिलिका भरली असेल, मास्क कोरडा असेल, आतून स्वच्छ असेल, पट्टे सैल पडले नसतील, तर त्याच दिवशी पुन्हा घालायला माझी हरकत नाही. विषारी पावडर हाताळली असेल तर काम संपताच टाकून द्या, तेही लॅबच्या घातक कचऱ्यात. (कॉलमची सिलिका अस्फटिक असते, सिलिकोसिस करणारी स्फटिकी ती वेगळी, तरी फुप्फुसात जायला नकोच.) आणि दाढी असेल तर कडेने फट राहते, मग नवा मास्कही फारसा उपयोगाचा नाही.

पण तुमच्या प्रश्नातली मला खटकलेली गोष्ट दुसरीच आहे: ‘मास्क लावूनही इथाइल अ‍ॅसिटेटचा वास येतो.’ येणारच. एन-९५ कण अडवतो, सॉल्व्हंटची वाफ नाही. कार्बनचा पातळ थर असलेले मास्क मिळतात, ते मला उलट जास्त धोक्याचे वाटतात. वास कमी होतो आणि माणूस निर्धास्त होतो.

वाफेसाठी कार्ट्रिजचा (वाफ शोषणाऱ्या कोळशाची डबी लावलेला), नाक-तोंड झाकणारा हाफ मास्क लागतो. त्याचा रबरी भाग सौम्य साबणाने धुऊन वर्षानुवर्षं वापरता येतो, कार्ट्रिज मात्र धुता येत नाही, मुदतीनुसार बदलावंच लागतं. तेही हवाबंद डब्यात ठेवायचं, कारण लॅबच्या टेबलावर उघडं पडलं तरी कोळसा वाफ शोषत राहतो. डीसीएम (डायक्लोरोमिथेन) आणि मेथॅनॉल ही सॉल्व्हंट त्या कोळशावर फार टिकत नाहीत, त्यामुळे कॉलमला ती वापरत असाल तर त्याच्यावरही विसंबू नका.

कॉलम फ्यूम हूडमध्ये (वाफ ओढून बाहेर टाकणाऱ्या, समोर सरकती काच असलेल्या कपाटात) लावा. हूड चालतंय का याचा अंदाज घ्यायचा तर काच खाली ओढून फटीपाशी टिश्यू पेपरची पट्टी धरा. ती आत ओढली जात नसेल तर आधी गाइडना सांगून हूड दुरुस्त करून घ्या, मास्कचं नंतर बघू.